माठापासून लांब

जेवण झालं की अक्का फरशीपाशी येते. आमच्या दोन घरांच्या मधे भिंत नाही, शहाबादी फरशा उभ्या पुरून केलेलं छातीइतकं कुंपण आहे. तिकडून आधी बांगड्या वाजतात (हल्ली जास्तच वाजतात, हातात सैल झाल्यात) आणि मग आवाज येतो, "हायस का गं?"

मी असतेच. दुपारी पावणेदोनला मी दुसरी कुठं जाणार?

पावणेदोनची ही वेळ डॉक्टरांनी ठरवून दिल्यासारखी आहे. पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून अक्काला जेवताना पाणी बंद. जेवणाआधी अर्धा तास घोट नाही, जेवणानंतर अर्धा तास घोट नाही. पोटात जागाच एवढीशी, की पाण्यानं भरली तर घास कुठं जाणार? शिवाय पाणी खाल्लेलं भराभरा खाली वाहून नेतं, आणि तासाभरात पुन्हा काहीतरी चघळावंसं वाटतं. पण चाळीस वर्षं दर दोन घासांमागं तांब्या उचललेली बाई! माठ स्वयंपाकघरात दारामागंच आहे. दिसला की हात जातो. म्हणून ती माठापासून लांब, माझ्या कढीपत्त्याखाली येऊन उभी राहते. तेवढ्या अर्ध्या तासात आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत धुऊन निघते.

आधी त्या गल्लीत तिचीच चर्चा होती, ते सांगते.

ऑपरेशनला हैदराबादला गेली ती गुपचूप. "पित्ताचा खडा काढायचाय" एवढंच सांगून भालकीहून रेल्वेत बसली. गल्लीनं मानलंही. पण महिन्याभरात गिरणीवाल्यानं मला विचारलं, "अक्काच्या घरचे कुनी गावाला गेलेत का ओ? दळन कमी झालंय." बघा, डॉक्टरांच्या आधी गिरणीवाल्याला कळतं. त्याच्याकडून समोरच्या काकूंकडं गेलं आणि मग काय! कुणी म्हणालं शुगर, कुणी कॅन्सर, आणि एकीनं तर सासूनं जेवण तोडलं इथपर्यंत नेलं. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तेव्हा कॅन्सरवाल्यांचं पारडं जड झालं. झपाट्यानं वजन उतरलं की तीन-चार महिन्यांनी केस गळतात आणि पुढं परत येतात, हे तिला आधीच सांगितलं होतं. तिला, गल्लीला नव्हे.

खड्याची तर वेगळीच गंमत. भराभर वजन उतरलं की पित्ताशयात खरोखर खडे होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी सहा महिने गोळी दिलेली. "खोटं बोलले ते खरं होऊ नये म्हनून गोळी खाल्लालाव बघ," अक्का म्हणाली आणि हसता हसता फरशीला टेकली.

तिच्या सासूबाई, आमच्या अव्वा, यांना मात्र खरं सांगावंच लागलं. अव्वांचे प्रश्न थेट. "पोट कापलं का आतडं?" पोट. "किती?" चार आण्यांचं ठेवलं, बारा आण्यांचं काढलं. "मंग काढलेलं कुठं टाकलं?"

यावर मालक उठून बाहेर गेले.

अक्काचं ऑपरेशन स्लीव्हचं. पोटाच्या पिशवीचा फुगीर भाग कापून काढतात, उरते केळाएवढी नळी, शंभर-दीडशे मिलीची. म्हणजे आपल्याकडचा चहाचा एक भरलेला कप. त्या कापलेल्या भागातच भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त तयार होतं, त्यामुळं पहिले काही महिने भूकच लागेनाशी होते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात वर एक अगदी लहानशी पिशवी करून तिला लहान आतडं जोडतात, खालचं सगळं टाळून. अक्काची उंची पाच फूट दोन इंच, वजन 112 किलो, गुडघे आणि शुगर दोन्ही बोंबलत होते.

घरच्यांनी आधी नाहीच म्हटलं होतं. मालकांना तिनं नितीन गडकरींचं उदाहरण दिलं, 2011 साली मुंबईत त्यांनी वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं, आणि खाण्याचे शौकीन म्हणून तर त्यांचं नाव आहे. अव्वांनी लगेच मिसरची बाई काढली. 2017 साली पाचशे किलोच्या आसपासच्या त्या इमान अहमदला विमानानं मुंबईत आणलं होतं, टीव्हीवर दिवसरात्र तेच. मार्चात तिचं ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरात ती अबुधाबीत गेली. "गेली का न्हाई?" अव्वा म्हणाल्या. आता ती मूत्रपिंड आणि हृदयाच्या जुन्या दुखण्यांनी गेली हे अव्वांना कोण समजावणार? मी गडकरींच्या बाजूनं होते. माझं काय जातंय, पोट तिचं!

पहिले दोन आठवडे सगळं पातळ. औषधाच्या झाकणानं मोजून तीस-तीस मिली, ताक, वरणाचं नितळ पाणी. मग कुस्करलेलं, मग मऊ. हैदराबादच्या आहारवाल्या मॅडमनी तक्ता दिला तो सगळा इंग्रजीत, त्यात टोफू आणि ब्रोकोलीचं सूप. भालकीच्या बाजारात ब्रोकोली मागितली तर भाजीवाला फुलकोबीला हिरवा रंग मारून देईल. शेवटी आम्ही दोघींनी बसून तक्ता आपल्या भाषेत आणला. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, एवढं त्यातलं मुख्य. मग टोफूच्या जागी पनीर, सूपच्या जागी घट्ट वरण. कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली जीआय मानांकन मिळालं ते काय नुसतं कौतुकाला? उकडलेल्या अंड्यात सहा ग्रॅम. अव्वांच्या चुलीवर अंडं चढत नाही, म्हणून ते माझ्याकडं उकडून फरशीवरून तिकडं जायचं, वर्तमानपत्रात गुंडाळून. हे अव्वांना ठाऊक आहे. त्या फक्त तिकडं बघत नाहीत.

सहा आठवड्यांनी भाकरीची परवानगी मिळाली. तो दिवस मी फरशीवरून पाहिला. नातवाची स्टीलची छोटी ताटली, चहाचा चमचा, ताटलीत दोन चमचे वरण आणि अंगठ्याच्या नखाएवढा भाकरीचा पापुद्रा. तो तिनं वरणात बुडवला, मऊ होईस्तोवर थांबली, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत बसली. पंचवीस-तीस वेळा. मग दुसरा तुकडा. एवढ्याला वीस मिनिटं. तव्यावरची तिसरी भाकरी उतरायच्या आत दोन संपवणारी बाई ही!

"कशी लागली?" मी विचारलं.

"गोड," ती म्हणाली. "इतकी गोड असती हे ठावंच नव्हतं गं. म्या चावलीच न्हवती कधी."

आणि मग तिसऱ्या तुकड्याला हाव सुटली. नीट चावला नसावा. छातीच्या मधोमध काहीतरी अडकल्यासारखं झालं, तोंडात पांढरा फेस यायला लागला, धावत मोरीपाशी. त्यानंतर एक घास जास्त म्हणजे काय हे तिला पक्कं कळलंय. आता आधी वरण किंवा अंडं, मग भाजी, आणि जागा राहिली तर भाकरी. बऱ्याचदा राहत नाही.

सगळ्यात फसवा निघाला सुसला. चुरमुरे भिजवून फोडणी घातलेले, हलके, मऊ, कुठं अडकत नाहीत, सरकन खाली जातात. भाकरी अर्धी जात नाही तिथं सुसला वाडगाभर जातो. आठव्या महिन्यात काटा तीन आठवडे हललाच नाही तेव्हा मॅडमनी फोनवर एकेक दिवसाचं खाणं विचारलं आणि चोर पकडला. सुसला, चहात बुडवलेली खारी, आइसक्रीम, सगळं त्याच जातीचं. अडकणारं अन्न थांबवतं तरी, सरकणारं गुपचूप वजन परत आणतं. तिनं सुसला सोडला. म्हणजे माझ्यादेखत तरी सोडला.

गोडाचं आणखी निराळं. पुतणीच्या लग्नात हुग्गी होती, वरून तुपाची धार. अक्कानं चारच चमचे खाल्ले. दहाव्या मिनिटाला घाम फुटला, छातीत धडधड, पोटात कळ, मांडवामागं सतरंजीवर आडवी. साखर लहान आतड्यात एकदम उतरली की असं होतं. बायपासवाल्यांना जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही सुटका नाही. बायकांनी कांदा हुंगवला, एकीनं दृष्ट काढली. दृष्टीनं बरं वाटलं असं अजून सांगितलं जातं.

बायपासवरून आठवलं. गुलबर्ग्याच्या एका ठेकेदाराची गोष्ट तिला दवाखान्याच्या बाकावर कळली. (2014 पासून कलबुर्गी झालं तरी आमच्या तोंडून गुलबर्गाच निघतं.) त्यानं बायपास केलं, चाळीस किलो उतरलं, आणि आनंदाप्रीत्यर्थ मित्रांना पार्टी दिली. एकाच पेगमध्ये टेबलाखाली. या ऑपरेशननंतर दारू रक्तात फार लवकर चढते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे. त्याला वाटलं, डॉक्टर तर सगळ्यांनाच सांगतात.

हे झालं खाण्याचं. खरी पंचाईत खायला घालणाऱ्यांची. आमच्या गावात तीन भाषा, आणि तिन्हींत माणूस भेटला की पहिला प्रश्न एकच. जेवलाव का? ऊटा आतेन्री? खाना हुआ क्या? त्याला "हो" हे उत्तर कुणी उत्तर समजत नाही. अक्का पुरे म्हणते, साकु म्हणते, बस म्हणते, आणि वाढणारणीला तिन्ही भाषा एकदम कळेनाशा होतात.

यात मी धुतल्या तांदळाची आहे असं नाही. तेही सांगून टाकते.

ऑपरेशननंतरची पहिली येळवस. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडं गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, आणि जेवण म्हणाल तर भज्जी, उंडे, अंबील, खीर, शेंगाच्या पोळ्या. एका शेतात जेवून भागत नाही, बोलावणी चार असतात. अक्काला तिथं बरंच सोपं गेलं खरं तर. भज्जी म्हणजे ओल्या तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, पालेभाज्या आणि बेसन, सगळं शिजून लोण्यासारखं. हैदराबादच्या तक्त्यात याहून चांगलं काही नव्हतं. पाच-सहा चमचे भज्जी घेऊन ती तृप्त बसली होती. अंबिलीला अर्धा तास थांबणार होती.

आणि मी शेंगाची पोळी घेऊन गेले. माझ्या हातची. "अर्धी घे." नको. "पाव घे." नको गं. मग मी ते वाक्य म्हटलं, जे माझी सासू म्हणायची आणि जे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा: "आमच्या घरचं तुला गोड लागंना व्हय?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि पोळीचा तुकडा मोडून खाल्ला. थोड्या वेळानं ती दिसेना. ज्वारीच्या ताटांमागं वाकलेली सापडली. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर तिनं मागं न बघता हात केला, लांब राहा म्हणून. चार दिवस फरशीपाशी आली नाही. पाचव्या दिवशी बांगड्या वाजल्या. "हायस का गं?" मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "राहू दे. पोळी चांगली होती, जाताना बी आन येताना बी."

या वर्षी येळवसीला अव्वाच तिच्या शेजारी बसल्या होत्या, ताटलीवर पंजा आडवा धरून. जी वाढायला वाकेल तिला, "तिचं पोट च्याच्या कपाएवढं हाय. तुज्या डावाएवढं बी न्हाई." पहिल्यांदा आग्रहाचा नियम अव्वांनी मोडला आणि कुणाची टाप नव्हती बोलायची.

वजन आता 79 वर आलंय. शुगरची एक गोळी सुटली, पण दुसऱ्या चार लागल्या: बी-12, लोह, कॅल्शियम, डी. या जन्मभराच्या. त्यातही लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मधे दोन तास ठेवायचे, आणि लोहावर लगेच चहा नाही. तिनं फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलंय, रेल्वेसारखं. अंगठीला दोरा गुंडाळलाय. जुने ब्लाऊज तिनं फेकले नाहीत, ट्रंकेत घडी करून ठेवलेत. कामून म्हटलं तर म्हणाली, "असू दे. ट्रंक उघडली की सुसल्याची आठवन येत न्हाई."

आज आली तेव्हा माझ्याकडं खास माल होता. समोरच्या काकू गेल्या आठवड्यात उदगीरला गेल्या होत्या, "भावाकडं" म्हणून. पण गिरणीवाला म्हणतो, त्यांच्या घरचंही दळण कमी झालंय.

"पित्ताचा खडा म्हनल्या का?" अक्कानं डोळे बारीक केले.

"तेच तर सांगलालाव. म्या त्यांच्या सुनेला इचारलं, तर सून म्हनली की—"

अक्कानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "झाला गं अर्धा तास," म्हणाली, आणि पदर सावरत माठाकडं निघाली.