हर्णैचा लिलाव

कोकणात माणसं समुद्र बघायला जातात. आम्ही गेलो ते खंडूच्या तोंडात बोटं घालायला.

खंडू म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू. त्याचे दुधाचे दात पडायचे दिवस. हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे जग हे चावून बघण्यासाठीच आहे असं त्याचं ठाम मत. मुरूडच्या किनाऱ्यावर (छान आहे, लांबलचक आहे) मी त्याच्या जबड्यातून नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा, थर्माकोल आणि मक्याचं बुरकुंड काढलं. बुरकुंड पचत नाही, आतड्यात अडकलं तर थेट ऑपरेशन. पण पर्यटक ते समुद्राला वाहिल्यासारखे टाकून जातात. त्यांना बुरकुंडंच खायला घातली पाहिजेत.

शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं: मागे धावू नका, त्याला खेळ वाटतो. ओढू नका, घाईने गिळून टाकेल. 'सोड' म्हणा आणि त्याहून चांगलं काही पुढे करा. आमच्या घरात 'सोड' हा हुकूम आजवर फक्त मी पाळतो. बायकोने नुसता उच्चारला तरी माझ्या हातातली भजी बशीत परत जाते.

हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव ऐन रंगात होता. खंडूने वाळूतून काहीतरी टम्म फुगलेलं, पांढरं, काटेरी उचललं.

"चेंडू सापडला वाटतं," बायको म्हणाली.

"अवो दादा, केंड हाय त्यो! सोडवा आधी!" टोपलीमागून एक कोळीण ओरडली.

केंड मासा विषारी. विष शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. मी 'सोड' म्हणालो. पनीर दाखवलं. 'सोड' किंचाळलो. समोर सुवर्णदुर्ग उभा होता. 1755 साली एवढा किल्ला इंग्रजांनी घेतला, पण मला एक जबडा घेता येईना. शेवटी कोळणीने सुका बोंबील त्याच्या नाकासमोर नाचवला. खंडूने आ वासला. केंड खाली.

कातडीवर दातांचे ठसे होते, पण ती फाटली नव्हती. त्यातल्या एका ठशाशी तांदळाच्या कणीएवढा दुधाचा दात रुतून बसलेला. दापोलीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तोंड धुवा, उलटी होते का, चालताना तोल जातो का बघा आणि लगेच घेऊन या. दोघांनी मिळून त्याचं तोंड धुतलं. गाडीपर्यंत त्याला चालवत नेलं तेव्हा मी त्याचं एकेक पाऊल बघत होतो. शेपूट नेहमीसारखी हलत होती, तरी माझे हात थरथरतच होते.

"मावशी, बोंबलाचे किती झाले?" मी विचारलं.

"एकाचं काय घ्यायचं? वाटाच न्या की."

लिलावात तोंड उघडलं की बोली लागली असंच धरत असावेत, आणि खंडूने तर चांगलं आ वासून उघडलं होतं. वाटा गाडीत आला. दापोलीच्या घाटात बायको म्हणाली, "अहो, एसी बंद करा आणि सगळ्या काचा खाली घ्या."