तोटा परवडणारा शेतकरी

इंग्लंडातल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात एका शेतकऱ्यानं हजार एकर जमीन वर्षभर स्वतः कसली. गहू केला, बार्ली केली, तेलासाठी रेपसीड पेरलं, मेंढ्या, कोंबड्या आणि मधमाश्या पाळल्या. वर्षाअखेरीला त्याचा सल्लागार कागद घेऊन समोर बसला, बेरीज-वजाबाकी झाली आणि हाती उरले १४४ पौंड. आपले तेव्हाचे चौदा-पंधरा हजार रुपये. एवढ्यात आमच्याकडं लग्नाच्या मांडवाचा विसारसुद्धा होत नाही.

तरीही हा शेतकरी उपाशी राहिला नाही, कारण त्याचं नाव जेरेमी क्लार्कसन. जगभरच्या पुरुषांना परवडत नसलेल्या मोटारींची स्वप्नं विकण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. २०१५ साली शूटिंग संपवून हॉटेलात आल्यावर गरम जेवण मिळालं नाही म्हणून त्यानं निर्मात्यावर हात उचलला आणि बीबीसीनं त्याचा ‘टॉप गिअर’ या मोटारींच्या कार्यक्रमाचा करार पुढं वाढवला नाही. पानात गरम पडलं नाही म्हणून नोकरी घालवणाऱ्यानं पुढं अन्न पिकवायला घ्यावं, हा योगायोग मला आवडतो. जमीन त्यानं त्याआधीच, २००८ साली घेऊन ठेवली होती. कसायचं काम गावातलाच एक शेतकरी बघायचा. तो २०१९ साली निवृत्त व्हायला निघाला तेव्हा क्लार्कसन म्हणाला, मीच करतो की, त्यात काय एवढं. अ‍ॅमेझॉननं कॅमेरे पाठवले. जून २०२१मध्ये ‘क्लार्कसन्स फार्म’ प्राइमवर आलं आणि मे २०२५पर्यंत त्याचे चार हंगाम निघाले. शेताचं नाव ‘डिडली स्क्वॉट’, म्हणजे हाती भोपळा. नावात फसवणूक नाही, एवढं कबूल करायला हवं.

पहिल्याच भागात साहेब ट्रॅक्टर घेतात. मोटारवाला माणूस, त्यामुळं ट्रॅक्टरही लॅम्बोर्गिनीचा. (या कंपनीचा मूळ पुरुष आधी ट्रॅक्टरच बनवायचा, मोटारी १९६३ नंतरच्या. तेव्हा ही निवड तशी घराण्याला धरून होती.) किंमत चाळीस हजार पौंडांच्या घरात. ट्रॅक्टर घरी आला आणि शेडमध्ये मावेना. आता आपल्याकडं ट्रॅक्टर घेणारा माणूस सहा महिने हातात टेप घेऊन फिरतो. शोरूमवाल्याला तीनदा चहा पाजतो, मेव्हण्याला विचारतो, बँकेत तारण देतो आणि मग पूजेच्या दिवशी नारळ फोडताना त्याचे हात थरथरतात. यानं ट्रॅक्टर आणला, शेडकडं बघितलं आणि कॅमेऱ्याकडं वळून चेहरा केला. त्या एका चेहऱ्यात ट्रॅक्टरचे पैसे वसूल झाले असावेत.

मग पेरणी. तिथं या कार्यक्रमाचा खरा नायक येतो, केलेब कूपर. विशीतला पोरगा, जवळच्याच चिपिंग नॉर्टनचा, मिसरूड फुटायच्या आधीपासून ट्रॅक्टरवर बसलेला. लंडनला म्हणे आयुष्यात एकदाच गेला होता, शाळेच्या सहलीत, आणि तेव्हाही बसमधून खाली उतरला नव्हता. तिकडं पेरताना शेतात ठरावीक अंतरावर ट्रॅक्टरच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या कोऱ्या सोडतात. पुढं खत टाकायला, फवारायला त्याच पट्ट्यांवरून जायचं, म्हणजे पीक तुडवलं जात नाही. त्या सरळ हव्यात आणि फवारणी यंत्राच्या पंखाच्या मापात बसायला हव्यात. एकदा चुकल्या तर कापणीपर्यंत चुकलेल्याच राहतात, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक शेतकरी गाडी हळू करून बघतो. क्लार्कसननं मारलेल्या पट्ट्या बघून केलेब जे बोलला ते इथं छापता येणार नाही. पण त्या शिव्यांमध्ये मला घरचा ओलावा जाणवला. तिफण वाकडी गेली की आमचे आजोबाही याच सुरात बोलायचे, फक्त त्यांचं चित्रीकरण झालं नाही.

इथं जरा थांबून बघा. काम येतं केलेबला. बियाणं किती, वाफसा कधी, कोणत्या रानात पाणी साचतं, मेंढी अडली तर हात कुठं घालायचा, सगळं त्याला ठाऊक. पण कार्यक्रमाचं नाव ‘केलेब्स फार्म’ नाही. ज्याला काम येतं त्याला मजुरी मिळते, ज्याला येत नाही त्याला मालिका मिळते. नुसत्या केलेबवर कॅमेरा लावला असता तर काय दिसलं असतं? एक पोरगा सकाळी आला, सरळ रेषेत पेरून संध्याकाळी घरी गेला. पहिल्या भागालाच लोकांनी टीव्ही बंद केला असता. (पुढं केलेबची पुस्तकं निघाली, नाट्यगृहांतून दौरे झाले, पंतप्रधानांच्या घरी बैठकीचं आवतणही आलं. पण आधी त्याला क्लार्कसनच्या चुका निस्तराव्या लागल्या.)

मेंढ्यांचंही तेच. अठ्ठ्याहत्तर मेंढ्या आणल्या. कुत्रा बाळगायचा सोडून त्यांना वळायला भुंकण्याचा आवाज काढणारा ड्रोन उडवला. मेंढ्यांनी लवकरच ड्रोनला ओळखलं आणि त्या हव्या तिथं गेल्या. लोकर कातरली, तर कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावाहून जास्त. ओढ्यात वसाबी लावून बघितली. प्रत्येक फजितीला हसू आणि प्रत्येक हसण्यामागं पुढच्या हंगामाचा करार. चूक करायची ऐपत असणं ही या शेतातली सगळ्यात महागडी वस्तू आहे, आणि ती हजार एकरांच्या खरेदीखतात कुठंच लिहिलेली नाही.

आमचे धाकटे काका सिन्नर तालुक्यात कांदा करतात. मुलाच्या मोबाइलवर त्यांनी ही मालिका बघितली. इंग्रजी येत नाही म्हणून काही अडलं नाही. मालिकेत जेराल्ड नावाचे एक वयस्कर गृहस्थ आहेत, दगडी बांध घालणारे. त्यांची बोली खुद्द क्लार्कसनलाही कळत नाही, तो नुसता मान हलवतो. काका मात्र म्हणाले, “हा एकटाच माणूस कामाचं बोलतोय.”

“काय बोलतोय, काका?”

“दगड बेताचा बसत नाही म्हणतोय. खाली मोठा घ्यायला पायजे होता.”

पहिल्या वर्षी तिकडं शरद ऋतूत पाऊस थांबेचना. रान घोटाभर चिखलात, पेरण्या रखडल्या. मग वसंतात पाऊस गायब आणि वरून टाळेबंदी. क्लार्कसन शेताच्या कडेला उभा राहून आभाळाला शिव्या देतो तो भाग काकांनी दोनदा लावला. त्यांना फार बरं वाटलं असावं. गोऱ्या माणसाच्या रानातही पाऊस सांगितल्या वेळी येत नाही, याची खात्री पटायला त्यांना पासष्ट वर्षं वाट बघावी लागली. पण नंतर ते म्हणाले, “रडतोय खरा, पण घरी जाऊन झोपतोय बघ.” याच काकांनी २०२३च्या डिसेंबरात काहीएक चुकवलं नव्हतं. रोप चांगलं, लागवड वेळेवर, फवारण्या वेळेवर, माल चोख. ८ तारखेला कांद्याची निर्यातबंदी आली आणि भाव बसला. त्याच्यावर मालिका निघाली नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पट्ट्या सरळ होत्या.

शेतातून निघत नाही ते दुकानातून काढावं म्हणून क्लार्कसननं शेतावरच दुकान काढलं. सुरुवातीला बटाटे, मग ‘मधमाश्यांचा रस’ या नावाचा मध, ‘गाईचा रस’ या नावाचं दूध, आणि अंगाच्या एका नको त्या भागाचा वास असल्याचं छातीठोक सांगणारी मेणबत्ती. मालिका लागली तशा गाड्यांच्या रांगा लागल्या. गावकरी वैतागले. पश्चिम ऑक्सफर्डशायरच्या जिल्हा परिषदेनं उपाहारगृहाला परवानगी नाकारली, यानं कायद्यातली फट शोधून ते उघडलं, परिषदेनं बंद करायला लावलं. अर्ज, हरकती, सुनावणी, अपील. हा भाग मराठी वाचकाला भाषांतराशिवाय कळतो. पण आपल्याकडं शेतात गोठा बांधायचा तर ग्रामसेवकाला गाठताना चपला झिजतात, आणि तिकडं २०२४ साली जुन्या कोठाराचं दुकान-हॉटेल करणं सोपं करणारा नियम सरकारनं आणला तर वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं ‘क्लार्कसन कलम’. मालिकेत अडचण दाखवायची आणि कायद्यात दुरुस्ती घ्यायची, असा सरळ मार्ग आपल्या शेतकरी संघटनांना अजून सापडलेला नाही. त्या बिचाऱ्या रस्त्यावर दूध ओततात.

या माणसाचं एक मात्र मानायला हवं. त्यानं हिशेब दाखवला. तिकडचे शेतकरी वर्षानुवर्षं सांगत होते की गव्हात काही राहत नाही, युरोपातून मिळणारं अनुदान ब्रेक्झिटनंतर टप्प्याटप्प्यानं संपतंय, डुकरिणीच्या अंगाखाली पिलं चेंगरून मरतात आणि आपण रात्रभर बघत बसतो. कुणी ऐकलं नाही. तिसऱ्या हंगामात क्लार्कसनच्या डुकरिणीची पिलं मेली तेव्हा सगळा देश हळहळला. शेतकऱ्यांनी याचा राग मानला नाही, उलट त्याला डोक्यावर घेतलं. पुरस्कार दिले. आपलं दुःख दुसऱ्याच्या तोंडून का होईना, पण मोठ्यानं सांगितलं गेलं, याचंच त्यांना समाधान.

आणि मग आला वारसाकर. ऑक्टोबर २०२४च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्रिणबाई रेचल रीव्ह्ज यांनी जाहीर केलं की शेतजमिनीला वारसाकरातून मिळणारी पूर्ण माफी यापुढं दहा लाख पौंडांपर्यंतच, त्यावरच्या रकमेला वीस टक्के. १९ नोव्हेंबरला लंडनात शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला आणि क्लार्कसन त्यात हजर. बीबीसीच्या बाईंनी माइक पुढं करून विचारलं, तुम्हीच मागं म्हणाला होतात ना, की जमीन घेतली ती वारसाकर चुकवायला? साहेब बीबीसीवरच घसरले. पुढं खुलासा असा आला की खरं तर जमीन शिकारीच्या हौसेपायी घेतली होती, पण तसं सांगणं बरं दिसलं नसतं म्हणून कराचं कारण पुढं केलं. कर चुकवणं हे पक्षी मारण्यापेक्षा सभ्य कारण ठरतं, असा तो देश आहे. सरकारनं मात्र २०२५च्या डिसेंबरात नमतं घेतलं आणि मर्यादा पंचवीस लाखांवर नेली.

असा कार्यक्रम मराठीत का होत नाही, असं परवा एका निर्माते मित्रानं विचारलं. तसं जवळपासचं झालंय. शहरी मुलींना गावात नेऊन शेण गोळा करायला लावणारा ‘जाऊ बाई गावात’ २०२३च्या अखेरीस झी मराठीवर झालाच. २०२० साली टाळेबंदीत सलमान खाननं पनवेलच्या फार्महाउसवरून चिखलानं माखलेला फोटो टाकून तमाम शेतकऱ्यांना मानवंदना दिली होती. चिखल इतका एकसारखा बसला होता की लोकांनी लावणी सोडून त्याचंच कौतुक केलं. पण हजार एकरवाला कार्यक्रम इथं निघणं कठीण. एक तर कमाल जमीन धारणा कायद्यात कोरडवाहू असली तरी चोपन्न एकरांवर ठेवता येत नाही. दुसरी अडचण मोठी. क्लार्कसनला हजार एकरांत १४४ पौंड सुटले आणि त्यानं ते दाखवले. आपल्याकडं मावळात नाहीतर कर्जतला चार एकर, त्यात पोहण्याचा तलाव, हिरवळ, दोन घोडे, आणि तरी विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न असं की कृषी विद्यापीठानं संशोधनाला घ्यावं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. २०१९च्या अहवालात कॅगनं नोंदवलंय की तपासलेल्या प्रकरणांपैकी पाचातल्या एकाहून अधिक ठिकाणी पुरेशी कागदपत्रं न बघताच ही सूट दिली गेली. आता अशा रानात कॅमेरा नेऊन द्राक्षबाग दाखवा म्हटलं तर मालक दाखवणार काय? द्राक्षं सीएच्या कपाटात आहेत.

ज्याचा माल खरोखर रानात आहे त्याच्याकडं कॅमेरा आधीच पोचलाय. क्लार्कसनची मालिका सुरू झाली त्याच वर्षी, २०२१च्या ऑगस्टात, महाराष्ट्र सरकारनं ई-पीक पाहणी आणली. शेतकऱ्यानं मोबाइल घेऊन स्वतःच्या गटात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, कुठून काढला तेही फोनच सांगतो, आणि तो चढवला की सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. नोंद नसेल तर नुकसानभरपाई मागताना अडचण. परवा गावी गेलो होतो तेव्हा काका ठेवणीतली पांढरी टोपी घालून रानात निघाले. चिरंजीव मोबाइल घेऊन पुढं.

काका वाफ्यात ताठ उभे राहिले. “इथं उभा राहू का बांधावर?”

“तुम्ही बाजूला व्हा, नाना. नुसतं पीक लागतं.”

“मी नको?”

“शेतकरी नसतो त्याच्यात.”

काका बाजूला झाले. टोपी काढून झटकली, खिशात घातली आणि पोराला म्हणाले, “मग आधी सांगायचं ना. काल नीळ घालून धुतली मी.”