पंचहौदातल्या उचापती

"ऐकलंत का वहिनी? पलीकडचा वाडा अखेर गेला हो बिल्डरकडे. परवा सह्या झाल्या."

"अगंबाई! भाडेकरू तयार झाले सगळे?"

"न होऊन सांगतात कोणाला? भाडं नाममात्र म्हणून मालक कौल बदलत नाही, आणि कौल बदलत नाही म्हणून पावसाळाभर घरात बादल्या. वारस म्हणाल तर निम्मे परदेशात. एका सहीसाठी चार वर्षं अडलं होतं घोडं."

"मग मला सांगा काकू, इथला एकेक वाडा चालला, तेवढं पंचहौदाचं चर्च बरं जागच्या जागी राहिलं! आमचे चिरंजीव म्हणतात, ती हेरिटेज वास्तू आहे. म्हटलं, हेरिटेज म्हणजे शनिवारवाडा, विश्रामबागवाडा. साहेबाच्या बांधकामाचं आपल्याला काय?"

"तुम्ही कोथरूडहून आलात, तुम्हाला कोण सांगणार म्हणा! साहेबाची चर्चं कॅम्पात. ते सेंट मेरी 1825 सालचं, पलटणीच्या लोकांसाठी. हे 1885 सालचं. मिशनऱ्यांनी मुद्दाम इथे पेठेत येऊन बांधलं, मराठी मंडळींसाठी. नावसुद्धा कसं, पवित्र नाम देवालय!"

"पण मिशन इंग्रजांचंच ना?"

"अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीच्या चर्चचं. 1970 साली ते सगळे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेले. चर्च बांधलं तेव्हा मात्र इथे ऑक्सफर्डकडच्या काउलीचे फादर आणि वॉन्टेजच्या सिस्टर. पंडिता रमाबाई माहीत आहेत ना? त्यांची या सिस्टरांशी ओळख पुण्यातच झाली. त्या ओळखीवर बाई इंग्लंडला गेल्या आणि 1883 मध्ये वॉन्टेजला बाप्तिस्मा घेतला. इकडे नुसता गहजब!"

"हे नव्हतं माहीत. मी आपलं चहाचं काहीतरी ऐकलंय."

"तेच तर सांगतेय! जरा अशा जवळ या. 1890 सालचा ऑक्टोबर. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव, मुलखाचे विक्षिप्त. त्यांनी घाट घातला आणि मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली बडी बडी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले, सगळे. व्याख्यान झालं आणि चहा-बिस्किटं पुढे आली."

"मग? प्यायले?"

"कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला. नाही म्हणावं तर यजमानांचा अपमान, हो म्हणावं तर धर्म बुडाला. पण गोपाळरावांनी काय करावं? सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली!"

"अय्या! म्हणजे ग्रुपवर पार्टीचे फोटो टाकावेत तसं?"

"अगदी तसंच. मग काय, सनातनी मंडळी गेली शंकराचार्यांकडे. त्यांनी चौकशीला माणसं नेमली, दोन वर्षं पुण्याला दुसरा विषय नाही. टिळकांनी दाखवलं की मी काशीत प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनीही 1892 मध्ये घेतलं, तर सुधारक त्यांच्यावर चिडले. रमाबाई रानड्यांनी आठवणींत लिहिलंय बघा ते. घरच्या बाईला काय सोसावं लागलं असेल, श्राद्धपक्षाला भटजी मिळायची मारामार!"

"म्हणजे भांडण आपलं आपल्यातच."

"आता कसं बोललात! चहा मिशनचा, भांडण शुद्ध पुणेरी. टिळक आणि रानडे कुठल्या पेचात सापडले ते कळायला हवं ना, तर तो हौदाजवळचा रस्ता आणि ते आवार बघावं. तुम्ही म्हणता साहेबाचं. मी म्हणते, आपल्या घरातल्या कटकटीचा पुरावा आहे तो."

"आणि तो मनोरा?"

"एकशेतीस फूट आहे म्हणतात. चौकोनी, इटलीकडच्या घाटाचा. आत आठ घंटा, विलायतेहून आणलेल्या. पूर्वी आमच्या गच्चीवरून अख्खा दिसायचा. आता तुमच्या टाकीआडून टोक तेवढं दिसतं."

"टाकी मी नाही हो बसवली!"

"तुम्हाला नाही म्हणत. पण तुम्ही विचारलंत ना, चर्च राहिलं कसं? वाड्याला वीस वारस आणि कौलाला हात लावायला एक नाही. चर्चमध्ये दर रविवारी उपासना असते. रोजचा राबता, गळलं तर ताबडतोब दिसतं. आणि ते विकून पैसे वाटून घ्यायला कोणा एकाच्या बापाचं नाही. रिकामं पडलं असतं तर त्याचाही वाडा झाला असता."

"दगडी आहे म्हणूनही टिकलं असेल."

"दगडाचं काय सांगता! आमचे दीर पीडब्ल्यूडीत होते, ते म्हणायचे, दगडी इमारत मरते ती दर्जांतून, म्हणजे दगडांच्या सांध्यांतून. जुनी दर्ज चुन्याची. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. हल्लीचे कंत्राटदार वरून सिमेंट फासतात, चार दिवस छान दिसतं. ओल अडकते आत, आणि मग शेजारचा दगड पोपडे सोडायला लागतो. शिवाय पक्ष्यांनी टाकलेलं पिंपळाचं बी. करंगळीएवढं रोप म्हणून दुर्लक्ष केलं की मूळ पार आतपर्यंत जातं."

"वरवर कापून टाकायचं की."

"वरून कापलं की जोमाने फुटतं. मुळासकट काढायचं आणि त्या भोकात चुनाच भरायचा. हे बघा, या आपल्या मधल्या भिंतीत काय आलंय?"

"अय्या, पिंपळच की!"

"खालचा हा चिरेबंदी भाग जुन्या वाड्याचा आहे, वरचं तेवढं तुमच्या सोसायटीचं. उद्या सिमेंटवाला येणार असं तुमचा वॉचमन सांगत होता. थांबवा त्याला."

"सेक्रेटरी ऐकतील का माझं? त्यांनी कोटेशन परस्पर मंजूर केलंय."

"मग मंजूर करणाऱ्यांची नावं लावा नोटीस बोर्डावर. गोपाळरावांनी एवढं तरी शिकवलंय पुण्याला!"