मोक्काला तारीख द्या

५ जानेवारी २०२४. पुण्यातल्या सुतारदऱ्यात भरदुपारी गुंड शरद मोहोळचा गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर कोथरूडच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न होता, ‘मारेकऱ्यांना मोक्का लागला का?’ लागला. लोकांना हायसं वाटलं, मलाही वाटलं. टोळ्यांच्या धाकात दुकानाचं शटर उघडणाऱ्याला ते वाटणारच.

मात्र संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या याच कायद्याची दुसरी बाजू शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात बसलेली असते. मुलाचा धुतलेला शर्ट पिशवीत घेऊन आलेली एक बाई मी तिथे पाहिली. हवालदाराला विचारत होती, “साहेब, आज तारीख आहे ना?” “पुढची पडली, मावशी.” तिने पिशवीची गाठ पुन्हा बांधली.

तिच्या मुलाला तारखेवर तारीख मिळते. मोक्काला स्वतःला मात्र संपायची तारीखच नाही. २४ फेब्रुवारी १९९९ पासून तो लागू आहे. युतीने आणला, आघाडीने चालवला, पुढच्या प्रत्येक सरकारने वापरला. खास न्यायालय, आरोपपत्राला १८० दिवस, जामीन जवळपास अशक्य आणि पोलीस उपायुक्तासमोरचा कबुलीजबाबही पुरावा. गुन्हा नोंदवायला मान्यता वरिष्ठ पोलिसांची, खटल्याला मंजुरीही पोलिसांचीच.

टाडा या दहशतवादविरोधी कायद्याचं तसं नव्हतं. त्याला दोन वर्षांची मुदत होती. १९८९, १९९१, १९९३, दर वेळी सरकारला संसदेकडे वाढ मागावी लागली. १९९५ मध्ये मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्र लिहून सांगितलं, आता वाढवू नका. मे महिन्यात टाडा संपला. रद्द करण्याचं विधेयक लागलं नाही, मुदतवाढ मिळाली नाही एवढंच पुरलं.

मोक्कावर अशी वेळ येतच नाही, म्हणून हिशेबही होत नाही. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात खास मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने कबुलीजबाबांवर विसंबायला नकार देऊन बाराही जणांची शिक्षा रद्द केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. तिथे जे ठरायचं ते ठरेल. पण मधली एकोणीस वर्षं गेली ती गेली, आरोपींची आणि स्फोटात माणूस गमावलेल्या घरांचीही. त्या एकोणीस वर्षांत विधानसभेला एकदाही विचारावं लागलं नाही, की कबुलीजबाबाचं हे कलम ठेवायचं का?

उत्तर आयर्लंडमध्ये ज्यूरीविना खटले चालवण्याच्या तरतुदीला दर दोन वर्षांनी ब्रिटिश संसदेची मंजुरी लागते. असा कायदा वाढवायचा अधिकार कोणाच्या हातात असावा? आपल्याकडे ज्यूरी कधीच इतिहासजमा झाली, तरी प्रश्न तोच आहे. माझं उत्तर सरळ आहे: गृहखात्याच्या हातात तर मुळीच नको. रिक्षाचं पासिंग रिक्षावाला स्वतः करत नाही. न्यायालयावरही ढकलू नका. कायदा घटनेत बसतो का ते न्यायालय बघेल, अजून हवा का ते मतं मागणाऱ्यांनी सांगायचं. दर दोन वर्षांनी, नाव पुकारून मतदान घ्या. त्याआधी उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाचा अहवाल सभागृहात ठेवा: किती जणांवर लावला, किती सुटले, सुटण्याआधी किती वर्षं आत होते.

ही सवय मोक्कापुरती नाही. जुलै २०२५ मध्येच राज्याच्या दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यावर बारा हजारांवर सूचना आल्या होत्या. तरी त्यालाही मुदत नाही.

आमचा आमदार कर्वे पुतळ्यापाशी भेटला, तर मला त्याला विचारता आलं पाहिजे, “मोक्का वाढवायला हात वर केलात, तो कोणता आकडा वाचून?” आज हे विचारायची सोयच नाही, कारण त्याला हात वर करावाच लागत नाही.