बॅटरी, बोगदे आणि मामा

कोकणात जाणाऱ्या माणसाच्या प्रवासात पूर्वी तीन गोष्टी ठरलेल्या असत: पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा आणि खिडकीच्या जागेवरून भांडण. आता बाटली आणि खाणं गाडीतच मिळतं, आणि भांडण खिडकीवरून खाली सरकून प्लगपर्यंत आलं आहे. डब्यात शिरणारा माणूस बर्थचा नंबर बघण्याआधी चार्जिंगचा प्लग कुठे आहे ते बघतो आणि त्यात आपला चार्जर खुपसून मगच बायकामुलांना आत घेतो. परवा मांडवी एक्सप्रेसने कुडाळला निघालो तेव्हा हे काम आमच्या मामांनी केलं. गाडी ठाण्याला जेमतेम थांबली होती, मामी अजून फलाटावर होत्या, आणि मामांचा चार्जर प्लगात होता.

मामा बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. बॅटरीच्या टक्क्यांचा हिशेब ते रोख रकमेसारखाच ठेवतात. ठाण्याला ‘शंभर’ अशी घोषणा झाली. चार्जर काढून प्लग मोठ्या मनाने समोरच्या बाईंना देण्यात आला. दिवा जंक्शन मागे पडता पडता मामांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

‘‘नव्याण्णव. कोण खातंय?’’

संशयित ठरलेले आहेत. ब्लूटूथ, वायफाय, लोकेशन आणि एनएफसी. एनएफसी नेमकं काय करतं हे मामांना ठाऊक नाही, त्यामुळे त्याच्यावर त्यांचा राग सर्वांत जास्त. मामा स्क्रीन पेटवतात, कुलूप काढतात, वरून बोट ओढून तो बटणांचा पडदा खाली घेतात, चारही बटणं बंद असल्याची खात्री करतात, टक्के वाचतात आणि फोन खिशात ठेवतात. दहा मिनिटांनी पुन्हा. मधल्या वेळात कोणी गुपचूप चालू केलं असेल तर? कॅश मोजल्यावर ती दुसऱ्यांदा मोजायची असते, हा त्यांचा धर्म.

पनवेलपर्यंत धाकट्याने हे सोसलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याच्या कानात बिनवायरचे इअरबड होते, म्हणजे ब्लूटूथ उघडउघड चालू.

‘‘धाकट्या, ते निळं बंद कर. पेणपर्यंत फोन मरेल तुझा.’’

‘‘मामा, नाही मरत.’’

‘‘मला सांगू नकोस. मी तुझ्या जन्माआधीपासून मोबाईल वापरतोय.’’

हे खरं आहे. 1995 साली भारतात मोबाईल आला तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. मामांनी पहिला फोन घेतला तो त्या दराच्या धाकातच. तो बहुतेक वेळ बंद असे आणि मामा बाहेर जाऊन एसटीडी बूथवरून बोलत. पुढे ब्लूटूथ आलं आणि एका फोनवरून दुसऱ्यावर गाणी पाठवायला अर्धा तास दोन्ही फोन चिकटवून बसायचे दिवस आले. त्या काळात ते चालू ठेवलं की बॅटरी उतरायची, यात मामांची चूक नव्हती. पण 2010 साली ब्लूटूथचा चौथा अवतार निघाला, कमी विजेवर चालणारा, आणि तेव्हापासून हा प्राणी बहुतेक वेळ झोपूनच असतो. मामांपर्यंत ही बातमी पोचलेली नाही. आपल्याकडे एकदा बदनाम झालेल्याला निर्दोष सुटल्यावरही कोणी घरात घेत नाही, तशातला हा प्रकार.

माणगाव गेलं आणि बटाटेवडे आले. मांडवीतल्या खाण्यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा. वडे, कटलेट, सूप, गुलाबजाम अशी जी मिरवणूक त्या बोळातून सतत जात असते तिच्यामुळे रोह्यापुढचा निसर्ग अनेकांनी अजून पाहिलेलाच नाही. वडा संपल्यावर धाकट्याने तेलकट कागदावर पेनाने हिशेब मांडला. मामांच्या फोनची बॅटरी 5000 मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे साधारण 19 वॅट-तास. रिकामं बसलेलं ब्लूटूथ काही मिलीवॅटवर भागवतं. चोवीस तास चालू ठेवलं तरी त्याच्या नावावर फार तर टक्क्याच्या आसपास काहीतरी पडेल. कशालाही न जोडलेलं वायफाय मधूनमधून आसपास कोणी ओळखीचं आहे का एवढं बघतं. त्याचाही खर्च किरकोळ. एनएफसी तर स्क्रीन उघडी असल्याशिवाय हलतही नाही, आणि त्याचा पल्ला चार बोटांचा. उलट स्क्रीन पेटली की एक वॅटच्या आगेमागे जातो. उन्हात ब्राइटनेस वर नेला तर आणखी.

‘‘म्हणजे ब्लूटूथ दिवसभरात जेवढं खाईल, तेवढं तुम्ही ते बंद आहे का हे बघण्यात माणगावच्या आत खाल्लंत.’’

मामांनी कागद हातात घेतला, बेरीज तपासली, ती बरोबर निघाली. ‘‘तेल फार आहे,’’ म्हणाले आणि कागद खिडकीतून टाकणार तोच मामींनी हिसकावून पिशवीत ठेवला.

वीर, करंजाडी, आणि मग नातूवाडीचा बोगदा. सव्वाचार किलोमीटरहून लांब. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत आणि प्रत्येकात शिरताना डब्यातली चार माणसं ‘हॅलो, हॅलो’ करतात. फलाटावर किंवा मोकळ्यावर कोणाला बोलायचं सुचत नाही. नेमकं बोगद्याच्या तोंडाशी आल्यावर गावच्या माणसाला ‘जेवणाचं काय ते सांग’ हे विचारायचं असतं. ‘हॅलो, मासे... हॅलो... मासे...’ यापुढे अंधार. बाहेर पडल्यावर सगळ्या फोनांत एकदम टिंगटिंग. तेवढ्यात दुसरा बोगदा.

खेडला मामांनी पडदा ओढला. ‘‘चौऱ्याऐंशी! सगळं बंद असताना चौऱ्याऐंशी!’’ आणि त्यांनी मामींच्या फोनकडे असं पाहिलं, जणू तो शेजारी बसून यांच्यातलं ओढून घेतोय.

उत्तर चिपळूणला गाडीत चढलं. खांद्यावर पाना-पक्कडीची पिशवी, पायात जाड बूट. हे गृहस्थ मोबाईलच्या टॉवरवर काम करणारे, कुडाळकडचे, चार दिवसांची रजा काढून घरी निघालेले. सावर्डे येईपर्यंत त्यांनी मामांचा तो बटणांचा सोहळा दोनदा पाहिला आणि मग त्यांना राहवेना.

‘‘मामानू, तेका कित्याक बंद करतास? ता बिचारा गप बसलला.’’

‘‘मग खातंय कोण?’’

‘‘टॉवर.’’

आमच्या डब्यात शांतता पसरली. इतके दिवस चौकशी चालली होती ती घरातल्यांचीच, आणि चोर बाहेर डोंगरावर उभा होता.

त्यांनी समजावलं ते असं. फोन कोणाशी बोलत नसला तरी दर सेकंद-सव्वासेकंदाने क्षणभर जागा होतो, आपल्याला कोणी हाक मारतंय का ते ऐकतो आणि पुन्हा डुलकी घेतो. टॉवर जवळ असेल तर बोलतानाही तो अगदी पुटपुटतो. टॉवर लांब गेला की आवाज चढवतो. हा आवाज चढवणं म्हणजे थोडंथोडकं नव्हे. पुटपुटणं आणि आरडणं यांत हजारो पटींचा फरक. फोर-जीचा फोन जास्तीत जास्त 200 मिलीवॅट बाहेर फेकतो, पण तेवढं फेकायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट उपसतो.

‘‘हय टॉवर डोंगराच्या पलीकडे. मगे काय करतलो तो? आरडतलो. बोगद्यात गेलो की आरडणा पण नाय, नुसतो शोधीत रवता. ह्या बँडवर नाय, त्या बँडवर नाय. झोपच नाय बिचाऱ्याक. भायर पडलो, टॉवर गावलो, मी इलंय म्हणान कळवल्यान, की परत बोगदो.’’

‘‘म्हणजे बंद करायचं तर मोबाईल नेटवर्कच,’’ धाकटा म्हणाला. ‘‘विमानवाला मोड लावा मामा, रत्नागिरीपर्यंत. एक टक्का उतरला तर मला सांगा.’’

‘‘आणि फोन आला तर?’’

‘‘बोगद्यात कसा येईल?’’

‘‘आला तर?’’

यावर टॉवरवाल्यांकडेही उत्तर नव्हतं. मला विचाराल तर या साऱ्या बॅटरी बचतीचं मूळ इथे आहे. ज्याचा उपयोग आपल्याला कळत नाही ते आपण कडक शिस्तीने बंद करतो, आणि जे खरंच खातं त्याला ‘आला तर?’ म्हणून ताटावर बसवतो. आमच्या ओळखीतला एकही माणूस मला असा भेटलेला नाही की ज्याने बॅटरी वाचवायला स्क्रीनकडे बघणं कमी केलं.

संगमेश्वर सुटलं, उक्षी गेलं, आणि करबुड्याचा बोगदा आला. साडेसहा किलोमीटर. एवढा वेळ अंधारात बसायचं म्हणजे माणसं आपोआप खरं बोलू लागतात. धाकट्याच्या फोनवर नकाशा उघडा होता आणि त्यातला निळा ठिपका बोगद्याच्या तोंडाशी येऊन अडकला होता. मामांनी तेवढ्यात लोकेशनचा विषय काढला. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर, तिथपर्यंत हाक पोचवायची म्हणजे बॅटरी जाणारच.

‘‘मामा, फोन हाक मारतच नाही. उपग्रह बोलतात, फोन फक्त ऐकतो.’’

‘‘ऐकायला काय लागतं मग?’’

‘‘ऐकायलाही लागते शक्ती,’’ अंधारातून मामींचा आवाज आला. ‘‘लग्न झाल्यापासून ऐकतेय मी.’’

आणि शास्त्राच्या दृष्टीने यात मामींचंच बरोबर होतं. नुसतं लोकेशनचं बटण चालू असण्याने काही होत नाही. कुठल्या तरी ॲपने ‘आपण कुठे आहोत’ असं विचारलं तरच ती यंत्रणा जागी होते. पण नकाशा सतत उघडा ठेवला, तर फोनला उपग्रहांचं पुसट बोलणं अखंड ऐकत बसावं लागतं, त्यावरून गणितं करावी लागतात आणि वर स्क्रीन जळत असते ती वेगळीच. धाकट्याने नकाशा मुकाट्याने बंद केला. मामींनी ते अंधारातही पाहिलं.

रत्नागिरीनंतर पानवल नदीवरचा पूल येतो. चौसष्ट मीटर उंच. दोन्ही बाजूंना खोल हिरवी दरी उघडते आणि डबाभर माणसं मोबाईल उंच धरून तिचं चित्रण करतात. डोळ्यांनी दरी बघणारी एकटी आमच्या बाजूची ती समोरची बाई होती, कारण तिचा फोन ठाण्यापासून प्लगात होता आणि वायर पुरत नव्हती.

राजापूर रोडला धाकट्याने मामांच्या फोनमधली बॅटरीची जमाखर्चाची वही उघडून दाखवली. कोणी किती खाल्लं याची यादी त्यात नावानिशी असते. मामा सरसावून बसले. इतक्या वर्षांचा संशय आज कागदोपत्री सिद्ध होणार होता. पहिलं नाव स्क्रीन. दुसरं मोबाईल नेटवर्क. तिसरं व्हॉट्सॲप, त्यातही सकाळचे फुलाफुलांचे संदेश. आणि चौथं नाव वाचून धाकटा सीटवरून घसरला. चौथं नाव होतं ‘सेटिंग्ज’. ज्या खोलीत जाऊन मामा बटणं बंद करत होते, त्या खोलीतल्या दिव्याचं बिल. ब्लूटूथ यादीत शोधावं लागलं.

मामा एवढ्याने खचणारे नव्हेत. ‘‘ते असू दे. पण हिच्या आयफोनचं काय? रोज रात्री मी त्याचं वायफाय बंद करतो आणि रोज सकाळी ते चालू असतं. पहाटे उठून ही चालू करते आणि वर कबूल होत नाही.’’

‘‘कुठून बंद करता?’’ धाकट्याने विचारलं.

‘‘वरचा पडदा ओढून. निळं बटण पांढरं होतं.’’

धाकट्याने डोकं धरलं. 2017 पासून आयफोनमधलं ते पडद्यातलं बटण वायफाय पुरतं बंद करतच नाही. जोडलेलं तेवढं तोडतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता ते आपण होऊन पुन्हा जोडून घेतं. खरंच बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये आत जावं लागतं.

मामींनी पर्स बंद केली. सावकाश. ‘‘पहाटे पाच वाजता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बरं.’’ कणकवलीपर्यंत मामा खिडकीबाहेर बघत होते. घरात वायफाय बंद करून त्याच खुर्चीत बसून मोबाईल डेटा वापरला तर बॅटरी बहुधा जास्तच जाते, हे धाकटा सांगणार होता. मी त्याला कोपराने थांबवलं. माणसाला एका दिवसात किती शिकवायचं याला मर्यादा आहे.

कुडाळला उतरलो. टॉवरवाल्यांनी ‘येवा कधी घराकडे’ म्हणून निरोप घेतला. रिक्षा गावापर्यंत आली, सामान उतरलं आणि पैसे द्यायची वेळ झाली. सुट्टे कोणाकडेच नव्हते. धाकट्याचा फोन व्हिडिओ बघून वैभववाडीलाच मिटला होता, माझ्या सिमला त्या गावात एकही काडी रेंज नव्हती, मामींचंही तेच. मामांच्या फोनला मात्र एक काडी होती, पण पैसे पाठवायचं ॲप ते धोक्याचं म्हणून ठेवतच नाहीत. उपाय एकच. मामांच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि त्यावरून मामींनी पैसे पाठवायचे.

‘‘हॉटस्पॉट खातो का?’’ मामांनी विचारलं.

‘‘हा खातो,’’ धाकटा म्हणाला. ‘‘खरंच खातो. लांबच्या टॉवरशी बोलायचं, इकडे वायफाय सोडायचं, दोन्ही एकदम.’’

मामांनी डोळे मिटून बटण दाबलं आणि हात वर करून अंगणातल्या दगडावर चढले, कारण ती एक काडी तिथेच येत होती. मामी खाली. रिक्षावाला मीटरवर हात ठेवून उभा.

‘‘गेले का?’’ मामांनी वरून विचारलं.

रिक्षावाल्याने मामींच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं.

‘‘गोल फिरता आसा, मामानू. हात खाली करू नकात.’’