कचरा सहाशे अठ्ठावीसला

बावन्नाव्या वर्षी माणसाने काय करावं, हे आमच्या सोसायटीत ठरलेलं आहे. शुगर तपासावी, मुलीच्या लग्नाचं बघावं आणि वार्षिक सभेत पार्किंगवरून भांडावं. मी समाजशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. बायको म्हणाली, "झेपेल ना?" मी म्हणालो, "अगं, तीस वर्षं वाचतोय मी!" त्यातली बहुतेक वर्षं मी हार्बर लाइनच्या गाडीत शेजाऱ्याचा पेपर वाचत होतो. हे तिलाही ठाऊक होतं, पण तिने ते उच्चारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात माणूस बोलायच्या गोष्टी निवडून बोलतो.

कॉलेज हार्बर लाइनवरचंच. नाव सांगत नाही, कारण यापुढे जे काही घडलं त्यात कॉलेजचा काडीचाही दोष नाही.

प्रबंधिकेचा विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. मानखुर्दच्या माणसाला विषय नाकानेच कळतो. देवनारचं डंपिंग ग्राउंड 1927 सालापासून मुंबईचा कचरा पोटात घेतंय. आकार सुमारे 132 हेक्टर. उंचीबद्दल विचाराल, तर आमच्या गच्चीवरून बघा. जानेवारी 2016 मध्ये ते पेटलं, तेव्हा आम्ही धुपाटण्यासमोर बसवलेल्या देवांसारखे धुरात बसून होतो. फरक इतकाच की देवांना खिडक्या लावून घ्याव्या लागत नाहीत. तेव्हा विषय ठरला, 'मुंबईचं डंपिंग आणि मानखुर्द परिसर'. मार्गदर्शक सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मला काय म्हणून हाक मारावी हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, म्हणून ते "अं..." म्हणून सुरुवात करायचे. "अं... विषय चांगला आहे. आधी लायब्ररीच्या ओरिएंटेशनला बसा."

ओरिएंटेशन! ज्या माणसाने दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात उमेदीची वर्षं काढली, त्याला विशी-बाविशीच्या पोरांबरोबर बसून पुस्तक कसं शोधायचं हे शिकायचं? मी गेलो नाही. ग्रंथपाल मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून बोलावून स्टेपल केलेली चार पानी संशोधन मार्गदर्शिका माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "काका, सुरुवात करण्याआधी एवढी वाचा. खूप वेळ वाचेल." मी "हो हो, नक्की" म्हटलं आणि ती पिशवीत टाकली. पिशवीत डबा होता आणि डब्यात बायकोने दिलेली लसणाची ओली चटणी. डब्याचं झाकण सैल आहे हे मी तीन वर्षं बायकोला सांगतोय. त्या दिवशी चटणी गळली तेव्हा चार पानं अगदी योग्य जागी होती. मार्गदर्शिकेचा माझ्याकडून झालेला तो पहिला आणि बराच काळ एकमेव उपयोग.

आता ओपॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ओपॅक म्हणजे लायब्ररीचं संगणकावरचं कॅटलॉग. पूर्वीच्या लाकडी खणांतल्या कार्डांची ही पुढची पिढी. खणात निदान बोट घालता यायचं. मी 'मानखुर्द' टाकलं. शून्य. इंग्रजीत टाकलं. शून्य. 'देवनार' टाकलं, तेव्हा कत्तलखान्यावरचा एक जुना अहवाल आला, आणि शाकाहारी घरात वाढल्यामुळे तो मी उघडला नाही. मग एकदम बुद्धी चालली. विषय डंपिंगचा, तर टाका 'डंपिंग'!

एकोणीस पुस्तकं! मला वाटलं होतं, आपल्या परिसराकडे विद्वानांचं लक्ष नाही. इथे तर एकोणीस विद्वान आधीच येऊन गेले होते. त्यातली सगळ्यात जाड तीन निवडली. लायब्ररीतले मामा पुस्तकं काढून देताना म्हणाले, "कॉमर्सला का तुम्ही?" मी म्हणालो, "समाजशास्त्र." मामांनी खांदे उडवले. पुस्तकांच्या शेवटच्या पानावरची डेट स्लिप कोरी होती. तिन्ही पुस्तकं आजवर कोणी नेलीच नव्हती. मला त्यांची कणव आली आणि स्वतःचा अभिमान वाटला.

संध्याकाळच्या पनवेल गाडीत मी ते सगळ्यात जाड पुस्तक मांडीवर उघडलं. शेजारच्या गृहस्थाने मुखपृष्ठ पाहिलं, मला पाहिलं आणि एकदम सरकून चौथ्या सीटवरची जागा रुंद केली. "कस्टममध्ये आहात का साहेब?" त्या गर्दीत चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकायला मिळणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे ते मला माफ करतील. मी 'नाही' म्हणालो नाही. फक्त गंभीरपणे पान उलटलं. पान तिसरं होतं. त्यावर लिहिलं होतं की एखाद्या देशातला उत्पादक आपला माल परदेशात नेहमीच्या किमतीपेक्षा कमी किमतीला विकतो, त्याला डंपिंग म्हणतात, आणि त्यावर उपाय म्हणून आयात करणारा देश अँटी-डंपिंग शुल्क लावतो. पुढे जागतिक व्यापार संघटना, 1995, करार, चौकशी, सुनावणी. या सगळ्यात कचऱ्याची गाडी नेमकी कुठे येते, या विचारात डोळा लागला. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर पाणी होतं. मानखुर्द मागे पडून गाडी खाडीच्या पुलावर होती. वाशीला उतरून परतीची गाडी धरली. पुस्तकं तिन्ही सोबत होती, कस्टमचा रुबाब मात्र वाशीच्या पुलावर गळून पडला होता.

शहाणा माणूस इथेच थांबला असता. पण मला चूक कळली की ती आधी तत्त्वज्ञान वाटते. मी स्वतःला समजावलं की ही आपली 'सैद्धांतिक चौकट' आहे. सरांनीच सांगितलं होतं ना, चौकट हवी! मी आठ दिवस खपून अँटी-डंपिंगचा अभ्यास केला. हे शुल्क लावण्यात भारत जगात आघाडीवर आहे आणि ही चौकशी आता व्यापार उपाय महासंचालनालय करतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत होतं. पहिलं प्रकरण लिहिलं. इंग्रजीत, कारण इंग्रजीत लिहिलं की माझंच मला कळत नाही आणि म्हणून ते खोल वाटतं.

सरांनी ते वाचलं. दोन पानं वाचून चष्मा काढला. त्या दिवशी त्यांचं 'अं...' नाहीसं झालं आणि पहिल्यांदाच माझ्यासाठी हाक सापडली. "काका," ते म्हणाले, "आपला कचरा निर्यात होतो का?"

मी लायब्ररीत परत गेलो. मॅडम काउंटरवरच होत्या. मी आवाज खाली घेऊन विचारलं, "कचऱ्यावरची पुस्तकं नाहीत का आपल्याकडे?"

"आहेत की. मार्गदर्शिका वाचलीत ना?"

"चाळली."

"दाखवा."

पिशवीतून ती चार पानं काढली, तेव्हा काउंटरच्या आसपास लसणाचा वास पसरला. मॅडमनी बोटाच्या नखाने दुसरं पान सोडवलं. मधोमध तांबडा गोल डाग आणि त्याच्या आत, अगदी टिळा लावल्यासारखी, एक ओळ: कचऱ्यासाठी 'डंपिंग' असा शोध घेऊ नये, तो व्यापाराचा शब्द आहे. 'सॉलिड वेस्ट' किंवा 'रिफ्यूज डिस्पोजल' असा घ्यावा.

"हे 'रिफ्यूज' म्हणजे नकार ना?" मी विचारलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"नाही, काका. उच्चार रेफ्यूज. म्हणजे कचरा."

मग त्यांनी मला हाताला धरून, म्हणजे शब्दशः नाही, पण धरल्यासारखं, रॅकपाशी नेलं. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने 1876 साली जगातलं सगळं ज्ञान शून्य ते नऊशे नव्याण्णवमध्ये बसवलं, आणि मी मात्र तीन आठवडे चुकीच्या गल्लीत फिरत होतो. "तीनशे ब्याऐंशी म्हणजे परदेशी व्यापार," मॅडम म्हणाल्या. "कचरा सहाशे अठ्ठावीसला. पॉइंट चव्वेचाळीस." दोन्हींच्या मध्ये फक्त चार कपाटं होती. त्या चार कपाटांसाठी मी वाशीला जाऊन आलो होतो. माझी अख्खी कॉलनी सहाशे अठ्ठावीसात राहते आणि मीच तीनशे ब्याऐंशीत नाक घालत होतो.

रॅकच्या वर भिंतीवर रंगनाथनांचे पाच नियम फ्रेम करून लावलेले आहेत. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून, मला परत वर्गात पाठवा म्हणून अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी रंगनाथनांना आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यायला सांगितलं. ओरिएंटेशनला बसायला सांगितलेल्या या माणसाने ते मनापासून केलं आणि 1931 मध्ये पाच नियम लिहिले. त्यांचा वाढदिवस, 12 ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. त्या पाचांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. माझ्याबाबतीत तो मॅडमनी पाळला आणि मी मोडला. पण तिसऱ्या नियमावर माझा हक्क आहे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असं तो म्हणतो. त्या अँटी-डंपिंगच्या तीन अनाथ पुस्तकांना मी मिळालो. डेट स्लिपवरचा पहिला शिक्का माझाच आहे.

यानंतर तरी सुधारलो असेन असं वाटत असेल, तर तुम्ही मला ओळखत नाही.

मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या पानावर एन-लिस्टची माहिती होती. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना, कॉलेजच्या विद्यार्थ्याला हजारो नियतकालिकं घरबसल्या उघडून देणारी. फक्त मॅडमकडून लॉगिन घ्यायचं. मी घेतलं, पासवर्ड मुलीच्या जन्मतारखेचा ठेवला आणि नंतर कुठल्या मुलीची, असा प्रश्न पडावा इतक्या वेळा चुकवला. मुलगी एकच आहे. लॉगिन काही जमेना, म्हणून शोधगंगेकडे वळलो. भारतभरच्या पीएच.डी. प्रबंधांचा तो सार्वजनिक साठा फुकट आहे, पासवर्ड लागत नाही. तिथे प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये असतं. मी रात्री दोनपर्यंत जागून चौदा प्रबंध उतरवले. सकाळी झेरॉक्सवाल्याकडे नेले तेव्हा कळलं की मी बहुतेक सगळ्यांची मुखपृष्ठं, प्रमाणपत्रं आणि ऋणनिर्देश उतरवले आहेत. कचऱ्याबद्दल काही कळलं नाही, पण चौदा विद्वानांच्या बायकांनी काय काय सोसलं ते सविस्तर कळलं. ते मी बायकोला वाचून दाखवलं. तेव्हाही ती काही बोलली नाही.

एकाच प्रबंधाचं खरं प्रकरण हाती लागलं होतं. ते इतकं चांगलं होतं की त्यातल्या परिच्छेदांना हात लावायचा धीर होईना. तसेच्या तसे घेतले. मार्गदर्शिकेच्या चौथ्या पानावर चौकटीत लिहिलं होतं की लिखाण आधी साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून घ्या. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. 40 पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. 60 पर्यंत गेलं तर सुधारित प्रत वर्षभर देता येत नाही, आणि त्याच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. मॅडमनी मसुदा तपासला. माझे 38 निघाले. दहावीत गणितात 35 मिळाल्यावर आईने पेढे वाटले होते. इथे त्याहून तीन जास्त मिळाले आणि तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

"मसुदाच आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "स्वतःच्या शब्दांत लिहा. आणि एवढं लांब कशाला जाता? तुम्ही रोज येता कशाने?"

"गाडीने."

"कुठल्या?"

"हार्बरच्या."

मॅडमनी रेफरन्समधला रेल्वेच्या इतिहासाचा एक खंड काढून माझ्यासमोर ठेवला. घरी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून तिथेच बसून वाचला. मुंबईचा कचरा चेंबूरच्या दलदलीत आणून टाकायला शहरातून कचऱ्याची गाडी यायची. 1906 मध्ये कुर्ला ते चेंबूर एकेरी लाइन टाकली गेली. त्यावर कचरा आधी आला आणि माणसं 1924 पासून. तीच लाइन पुढे मानखुर्दला आली आणि 1992 मध्ये खाडी ओलांडून वाशीला गेली. म्हणजे ज्या वाटेवर बसून मी परदेशी मालावरचं शुल्क वाचत होतो, ती वाटच माझा विषय होती. चौथ्या सीटवर, कस्टमचा साहेब म्हणून.

नवं पहिलं प्रकरण त्या लाइनवर आहे, मराठीत आहे, आणि साम्य 4 टक्के निघालं. पुढच्या वर्षीच्या ओरिएंटेशनला मॅडमनी मला दहा मिनिटं बोलायला बोलावलंय. चटणीचं पान सोबत आणायला सांगितलंय. अँटी-डंपिंगची तिन्ही पुस्तकं अकरा दिवस उशिरा परत केली, दंड 33 रुपये झाला. पावती ऋणनिर्देशाच्या पानाला लावून ठेवली आहे.