काकूंचं लंकादहन

"ओ बाई, बसल्या जागी लंकेला जाऊन आलो आम्ही! खुर्ची अशी काही हादरत होती, मला तर वाटलं अजून नगर-मनमाड रस्त्यावरच आहोत."

शेजारच्या काकू बोलायला लागल्या की भिंतीअलीकडच्या माणसाने गॅस बारीक करून यावं, हा आमच्या मनमाडच्या गल्लीचा नियम. मी बंदच करून आले. रविवारी त्यांचं अख्खं बिऱ्हाड शिर्डीला गेलं होतं. दोन्ही लेकी, जावई, नातवंडं, गुडघ्यावर हात ठेवून चालणाऱ्या सासूबाई आणि अण्णा. अण्णा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. कुठे यंत्र दिसलं की त्यांना तिथून हलवायला दोन माणसं लागतात.

"दर्शन झालं का नीट?"

"ते पहाटेच उरकलं. मी सांगतेय ते साईतीर्थाचं. भक्तीचं थीम पार्क म्हणतात त्याला. आत एक 'तीर्थयात्रा' आहे. गाडीत बसायचं आणि देशभरातल्या देवळांसमोरून जायचं. सासूबाई प्रत्येक देवळाला हात जोडत होत्या आणि बटव्यात सुटे पैसे शोधत होत्या. जावई म्हणाले, आजी, इथे दानपेटी नाहीये. तर म्हणाल्या, मग पुजाऱ्याचं कसं भागतं?"

तिथे आणखीही गोष्टी पाहायच्या असतात. मोठ्या पडद्यावर 'सबका मालिक एक', म्हणजे बाबांच्या आयुष्याचा चित्रपट. 'द्वारकामाई', ज्यात यंत्राचे बाबा हलतात आणि बोलतात. आणि काकूंच्या मनात बसलेलं ते 'लंकादहन'. त्याला फाइव्ह-डी म्हणतात. डोळ्यांवर चष्मा, खाली हलणारी खुर्ची.

मला राहवलं नाही. "काकू, बाबा आयुष्यभर एका पडक्या मशिदीत राहिले, पाच घरी भिक्षा मागितली. त्यांच्या खऱ्या द्वारकामाईत जायला पैसा लागत नाही आणि यंत्राच्या द्वारकामाईला तिकीट?"

"लागू दे तिकीट," काकूंनी मला मध्येच तोडलं. "सासूबाईंना देवळात काय दिसलं सांगू? पुढच्या माणसाचं टक्कल. ती गर्दी, त्यात यांची उंची एवढीशी. इथे एसीत, खुर्चीवर टेकून, डोळे भरून पाहिलं त्यांनी. यंत्र का असेना. तुम्हाला चालतात ना टीव्हीतले महाराज?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या घरी टीव्हीवर आरती लागली की आम्हीही उभे राहतो.

एवढ्यात अण्णा पाना हातात घेऊन आले. "हे सगळं काढलंय कोणी, माहितीये का बाई? संगमनेरच्या मालपाणींनी. गाय छाप!"

गाय छाप जरदा म्हटल्यावर आमच्या भागात वेगळी ओळख लागत नाही. त्या संगमनेरच्या घराण्याने शिर्डीत वॉटर पार्क काढलं, हे देवाधर्माचं पार्क काढलं, लोणावळ्यालाही वॉटर पार्क काढलं. आणि २०२२ मध्ये खोपोलीजवळचं इमॅजिकासुद्धा ताब्यात घेतलं. अण्णांना ह्याचा कोण अभिमान! म्हणाले, "मुंबईवाल्याने बांधलं आणि आपल्या नगरवाल्याने चालवायला घेतलं."

मुंबईवाला म्हणजे मनमोहन शेट्टी. फिल्म धुण्याच्या लॅबपासून वर आलेला सिनेमातला माणूस. त्यांनी २०१३ मध्ये इमॅजिका उघडलं तेव्हा पेपरात पानभर जाहिराती होत्या. परदेशात जे जे असतं ते ते आता इथेच, असा एकूण सूर. सिनेमातला माणूस असल्याने त्यांनी एक गोष्ट मात्र पहिल्यापासून ओळखली होती. नुसता परदेशी पाळणा आणून भागणार नाही, त्याला इथली गोष्ट जोडायला हवी. म्हणून तिथे १९८७ च्या 'मिस्टर इंडिया' सिनेमावर एक राइड आहे. 'आय फॉर इंडिया'मध्ये पाय लोंबकळत ठेवून पडद्यावरच्या हिंदुस्थानावरून उडायचं. आणि डायनोसॉर ठेवला तोही आपला. राजासॉरस म्हणजे गुजरातेत नर्मदेच्या भागात हाडं सापडलेला प्राणी, २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हे नाव दिलं. अमेरिकेतला टी-रेक्स ठेवला असता तरी पोरं ओरडलीच असती. पण ह्याचं नाव ऐकून आमच्या शाळेतला एक मुलगा म्हणाला होता, "बाई, हा आपल्याकडचा राजा होता का?" विज्ञानाच्या तासाला जे जमलं नव्हतं ते पाच मिनिटांत जमलं.

शाळेचा विषय निघालाच आहे तर सहलीचंही सांगते. इमॅजिका आहे खोपोली-पाली रस्त्यावर. एका अंगाला महाडचा वरदविनायक, दुसऱ्या अंगाला पालीचा बल्लाळेश्वर. दोन अष्टविनायकांच्या मध्ये रोलर कोस्टर! सहलीच्या पत्रकात नुसतं "इमॅजिका" लिहिलं तर निम्मे पालक कुरकुरतात, "एवढे पैसे पाळण्यात बसायला?" त्याच पत्रकात वर "अष्टविनायक दर्शन" लिहिलं की सह्या भराभर येतात. देव वरच्या ओळीत, पाळणा खालच्या. मग हेडबाईंनाही सहल शैक्षणिक वाटते, आणि एसटीची निम्म्या भाड्याची सवलत असतेच.

"म्हणजे देवाच्या नावावर पाळणा," अण्णा हसले.

"यात्रेत काय असतं मग?" काकू म्हणाल्या. "वणीला गडावर चैत्रात जातो तेव्हा देवी किती वेळ बघतो आणि खालची दुकानं किती वेळ बघतो? पाळणा, मौत का कुआ, आरसे महाल, बांगड्या. कुठल्या यात्रेत नव्हतं हे?"

काकू शिकल्या सातवीपर्यंत, पण मला वाटतं उद्यानांच्या सल्लागारांनी एकदा ह्या भिंतीपाशी येऊन बसावं. यात्रेतलं गणित त्यांना जन्मजात ठाऊक आहे. आपल्याकडे मौजेसाठी एकटा माणूस निघत नाही, घर निघतं. त्यात तान्हं असतं, संकष्टीचा उपास धरलेली वहिनी असते, कांदा-लसूण न खाणारे शेजारी असतात आणि पिशव्या राखणारी एक आजी असते. इमॅजिकाचा तो उंच कोस्टर, नायट्रो, जीव मुठीत धरायला लावतो. पण त्यात बसतात दोन पोरं आणि खाली बाकावर थांबतात सहा जण. त्या सहा जणांचा दिवस कसा गेला, त्यावर पुढच्या वर्षी यायचं का नाही ते ठरतं. साईतीर्थवाल्यांनी हे बरोबर हेरलं. त्यांनी पिशव्या राखणाऱ्या आजीसाठीच अख्खं पार्क बांधलं आणि पोरांना शेजारी वॉटर पार्क दिलं.

आता हे शहाणपण मोठमोठ्यांनाही ठेच लागूनच आलं. डिस्नेवाल्यांनी १९८३ मध्ये टोकियोला पार्क काढलं तेव्हा निदान पाऊस ध्यानात घेतला. तिथल्या बाजारपेठेच्या रस्त्यावर छप्परच घातलं. पण १९९२ मध्ये पॅरिसजवळ गेले आणि पार्कात दारू नाही म्हणाले. फ्रेंच माणसाला जेवणाबरोबर वाइन नाही! पुढच्या वर्षी नियम बदलावा लागला.

हे ऐकून अण्णा म्हणाले, "आता आपल्या नाशिककरांनाही तसं सांगून बघा!"

हाँगकाँगला २००५ मध्ये पार्क उघडलं तोवर ते चांगलेच शहाणे झाले होते. तिथल्या फेंगशुईच्या जाणकाराला विचारून त्यांनी प्रवेशद्वाराची दिशा १२ अंशांनी वळवली.

"अगं बाई, म्हणजे वास्तुवाला तिथेही पोचला!" काकूंना हे फारच आवडलं. त्यांच्या धाकट्या जावयाने नव्या फ्लॅटचा ओटा दोनदा फोडलाय.

मी मात्र त्यांना आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट सांगितली. कारण काकू ज्या लंकादहनाचं एवढं कौतुक करत होत्या, ते पहिलं नव्हेच. पहिलं झालं १९१७ साली, आणि केलं आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी.

"हनुमान होता त्यात?"

"होता, आणि उडतही होता! ट्रिक फोटोग्राफी करून उडवला होता."

फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोक्यात आलं की पडद्यावर आपले राम-कृष्ण का नकोत? यंत्र विलायतेचं. ते शिकायला स्वतः लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. गोष्ट मात्र घरची. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला आणि मग बिऱ्हाड नाशिकला हलवून त्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात राम आणि सीता दोन्ही एकाच माणसाने केले, साळुंके नावाच्या. बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या तो काळ. पडद्यावर राम आला की प्रेक्षक चपला काढून ठेवत, असं सांगतात. तिकिटाची नाणी पोत्यात भरून बैलगाडीने न्यावी लागली, असंही सांगतात.

काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सीतामाई पुरुष होती?"

"हो."

"चालायचं. आमच्या त्या पार्कातले बाबा तरी कुठे माणूस आहेत!"

शंभर वर्षं लोटली, पडदा जाऊन खुर्ची हलायला लागली, तरी गिऱ्हाईक तेच आहे. नवल दाखवा, पण ओळखीच्या देवाचं दाखवा. फाळक्यांकडे बाजारपेठेचा अभ्यास करणारी कंपनी नव्हती. ते आपल्या लोकांत वाढले होते, एवढंच. ज्या उद्यानांना हे सुचायला पाच-दहा वर्षं लागली त्यांची मला थोडी कीवच येते.

फक्त एक बोच राहते. फाळक्यांचा हनुमान पाहून माणसं घरी रामायण सांगत बसली असतील. पंचेंद्रियांना एवढं सगळं आयतं दिल्यावर नातवंडांच्या कल्पनेला काही काम उरतं का? काकूंच्या नातवाला विचारलं लंकेत काय पाहिलंस, तर म्हणाला, "खुर्ची हलली." हनुमानाचं नाव काढलं नाही पठ्ठ्याने.

मग विषय पाण्यावर गेला. मनमाडात कुठलाही विषय शेवटी पाण्यावर जातोच. वाघदर्डी धरण आटलं की नळाला पंधरवडा-पंधरवडा पाणी नाही, ड्रमला कुलूप लावणारी माणसं आम्ही. आणि सुट्टीत गाडी करून जातो कुठे, तर वॉटर पार्कात. तिथे सायरन वाजतो, हौदात लाटा उसळतात, पुढे रेन डान्सला डोक्यावर नुसता पाऊस. काकूंची थोरली लेक त्या पावसाखाली म्हणे अर्धा तास हललीच नाही.

"मला आधी रागच आला," काकू म्हणाल्या. "म्हटलं एवढ्या पाण्यात आपल्या गल्लीचं वर्ष निघेल."

इथे अण्णांचं खातं सुरू होतं. "पाणी वाया नाही जात तिथे. तेच तेच फिरवतात. पंपाने ओढायचं, वाळूच्या फिल्टरमधून काढायचं, क्लोरीन मारायचं, परत वर. उडालेलं आणि वाफ झालेलं तेवढं भरायचं. म्हणून तर सुती कपडा चालत नाही. सुताचे तंतू सुटतात आणि फिल्टर चोंदतो. नायलॉनच पाहिजे."

आणि हा नायलॉनचा नियम म्हणजे आपल्या बायकांची खरी परीक्षा. परदेशात पोहण्याचा पोशाख म्हणजे काय ते सिनेमात पाहिलंय. तसला नियम इथे लावला असता तर घरातल्या सगळ्या बायका काठावर पिशव्या राखत बसल्या असत्या. मग वॉटर पार्कवाल्यांनी तोड काढली. लांब बाह्यांचा नायलॉनचा कुर्ता, खाली घोट्यापर्यंत विजार. भाड्याने घ्या, भिजा, परत करा. काठावर बसणाऱ्या बायका पाण्यात उतरल्या त्या ह्या कुर्त्याच्या जिवावर. मला विचाराल तर सगळ्या रोलर कोस्टरांपेक्षा हा शोध मोठा.

"तुम्ही उतरलात का पाण्यात?" मी विचारलं.

काकूंनी आधी अण्णांकडे पाहिलं, मग मला जवळ बोलावलं. "उतरले. फोटो मात्र कोणाला काढू दिला नाही."

आता एका गोष्टीवर आमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे, आणि ती मी इथे मुद्दाम लिहिते. ह्या उद्यानांनी देव घेतले, सिनेमा घेतला, कुर्ता घेतला. जैन जेवण, उपासाची साबुदाणा खिचडी हेही आता मागितलं तर मिळायला लागलंय. पण बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, हा नियम बहुतेक ठिकाणी अजून तसाच आहे. दुकान चालायला पाहिजे हे आम्हालाही कळतं. पण मधुमेहाच्या आजीने आणि दीड वर्षाच्या बाळाने काय खायचं? दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घेतल्याशिवाय आमच्याकडचं माणूस गाडीत बसत नाही. मग तो डबा पार्किंगमध्ये, डिकी उघडून, उन्हात उभ्याने खावा लागतो.

तेव्हा उद्यानवाल्यांना एवढंच सांगणं आहे. फाटकाच्या आत एक साधी पत्र्याची शेड टाका, चार बाकडी मांडा, पिण्याच्या पाण्याचा एक नळ द्या. पाहिजे तर माणशी पाच-दहा रुपये घ्या. जो कोणी हे आधी करेल त्याच्याकडे मनमाडहून पहिली बस भरून आणायची जबाबदारी काकूंनी घेतलीय.